पेन्सिलीने पाहिलेला गुरू : एक प्रस्तावना

२०२६ च्या जानेवारीत गुरू सौंसरच्या माथ्यावरून गेला, अगदी शब्दशः. आपल्या गावाचा अक्षांश साडेएकवीस अंशांच्या थोडा पुढे आहे. १० जानेवारीला सूर्याच्या बरोबर समोर आलेला, मिथुन राशीतला गुरू खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे बावीस अंशांवर होता. त्यामुळे मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात तो खस्वस्तिकाला जवळजवळ टेकला. मान पूर्ण मागे टाकावी तेव्हा दिसावा, इतका वर. ग्रह जितका वर, तितका त्याच्या प्रकाशाच्या वाटेत हवेचा थर कमी. क्षितिजापासून तीस अंशांवर असलेल्या ग्रहाचा प्रकाश माथ्यावरच्या ग्रहापेक्षा दुप्पट हवेतून आपल्यापर्यंत येतो. गॅलिलिओने ज्या पदुआतून १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते शहर पंचेचाळीस अंश उत्तरेला आहे. तिथे गुरू माथ्यावर कधीच येत नाही. कर्कवृत्ताच्या अलीकडच्या आपल्यासारख्या गावांना मात्र तो दर बारा वर्षांत एकदोन हिवाळे तरी असा मिळतो.

त्या आठवड्यांत सौंसर-पांढुर्ण्याच्या वावरांत माणसे जागी होती. आंबिया बहाराचा ताण तोडून संत्र्याच्या बागांना पाणी सुरू करण्याचे ते दिवस. गहू-हरभऱ्याचे ओलितही चालू असते आणि मोटारपंपाला थ्री फेजची लाईन पुष्कळदा रात्रीच मिळते. रानडुकरांच्या धास्तीने जागलीला गेलेला माणूस तर सबंध रात्र उघड्या आभाळाखाली असतो. डोक्यावरचा तो पिवळसर, न लुकलुकणारा ठसठशीत ठिपका या सगळ्यांच्या नजरेस पडला असणार. घरच्या पंचांगात तो गुरू आहे, मुलांच्या हिंदी पुस्तकात बृहस्पति आहे. लग्न जुळवताना त्याचे बळ पाहतात, आठवड्यातला एक वार त्याच्या नावाचा आहे. इतका घरोबा असूनही त्याच्या शेजारचे चार चंद्र रोज जागा बदलतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आपल्या भागात फार थोडी आहेत. त्यांची संख्या वाढावी म्हणून ही वही.

वहीत मजकूर थोडा आहे आणि रेखाटनासाठी ठेवलेली कोरी पाने पुष्कळ आहेत. ही प्रस्तावना लांबली आहे, कारण ती पाने भरायची कशी आणि भरायची कशासाठी, हे आधी नीट सांगितले पाहिजे.

कशासाठी, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. ‘जुनो’ हे यान २०१६ च्या जुलैपासून गुरूभोवती फिरते आहे. त्याने पाठवलेली छायाचित्रे मोबाइलवर कोणालाही बघता येतात, आणि साठ-सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीतून दिसणारा गुरू त्यांच्यापुढे काहीच नाही. मग पेन्सिल कशाला हातात घ्यायची? माझे उत्तर असे की छायाचित्र आपल्याला गुरू दाखवते, पण त्याच्याकडे बघायला शिकवत नाही. दुर्बिणीला डोळा लावून मिनिटभरात बाजूला होणारा माणूस ‘गोल दिसला, दोन रेघा दिसल्या’ एवढेच सांगतो. त्याच माणसाला तेच काढायला बसवले की त्याला एकामागून एक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. वरचा पट्टा जाड की खालचा? त्याची कड सरळ आहे की कुठे आत घुसली आहे? गोल खरोखरच गोल आहे का? उजवीकडचा चंद्र गुरूच्या किती रुंद्या लांब आहे? या प्रश्नांसाठी तो पुन्हा पुन्हा नेत्रिकेकडे जातो आणि दर खेपेस त्याला थोडे अधिक दिसते. दुर्बीण तीच, ग्रह तोच. शिकत असतो तो डोळा. कागदावर उतरवल्याशिवाय हे शिक्षण होत नाही, अशी माझी ठाम समजूत आहे.

यात हवेचाही हात आहे. आपल्या डोक्यावरची हवा कधी स्थिर नसते, आणि गुरू तिच्यातून दिसतो तो वाहत्या पाण्याखालच्या गोट्यासारखा. बहुतेक वेळ कडा थरथरत असतात. मधूनच एखादा क्षण असा येतो की सगळे निवळते, पट्ट्यातली गाठ स्पष्ट दिसते, आणि पुढच्या क्षणी ती पुन्हा पुसट होते. रेखाटन करणारा या क्षणांची वाट पाहत बसलेला असतो. हिवाळ्यात, सूर्य मावळून तासदोन तास झाले की तापलेली कौले आणि सिमेंटच्या गच्च्या निवत जातात आणि असे क्षण जास्त मिळू लागतात. म्हणून गच्चीपेक्षा अंगण बरे, आणि अंगणापेक्षा गावाबाहेरचे मोकळे वावर बरे. दक्षिणेला नागपूरचा उजेड क्षितिजावर चढतो, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राचे दिवेही आहेत, परंतु गुरू पाहायला त्यांचा त्रास होत नाही. तो इतका तेजस्वी आहे की गावातल्या रस्त्यावरूनही त्याचे चंद्र दिसतात. अंधाराची खरी गरज तेजोमेघ पाहणाऱ्यांना असते.

गॅलिलिओकडे होती ती दुर्बीण सुमारे वीस पटींची. आज विद्यार्थ्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या दुर्बिणी तिच्याहून सरस आहेत. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याने गुरूजवळ तीन बारीक तारे पाहिले: दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याने ते टिपून ठेवले. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते. ९ तारखेला ढग आले. १० तारखेला दोनच दिसले, तेही पूर्वेला. १३ तारखेला चौथा सापडला. हे सगळे त्याने काढले ते अगदी साधेपणाने, गुरूसाठी एक वर्तुळ आणि चंद्रांसाठी चांदण्या, ओळीत जशा दिसल्या तशा. मार्चमध्ये व्हेनिसला त्याचे छोटे पुस्तक छापून झाले, तेव्हा त्यात अशा साठहून अधिक ओळी होत्या. पृथ्वी सोडून दुसऱ्या कशाभोवती काहीतरी फिरते, हे त्या ओळींवरून माणसाला प्रथम कळले. एका रात्रीच्या चित्रातून ते कळले नसते. आदल्या दिवशीचे पान शेजारी होते म्हणून कळले, आणि ढगाळ रात्रीचीही नोंद होती म्हणून ओळींचा हिशेब लागला. या वहीत प्रत्येक तारखेला जागा ठेवली आहे ती त्यासाठीच. आभाळ भरून आले असेल तर ‘ढग’ एवढेच लिहावे, पण ते लिहावेच.

गुरू हा आपल्या परंपरेत काळ मोजण्याचा ग्रह आहे, आणि ते मोजमाप दुर्बिणीच्या कितीतरी आधीचे आहे. सूर्यसिद्धांतात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात गुरूच्या ३,६४,२२० प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. भागाकार केला की एका प्रदक्षिणेला ११.८६ वर्षे येतात. आजच्या यंत्रांनी काढलेला आकडाही ११.८६ च आहे. नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून केलेले हे काम आहे, आणि त्याबद्दल मला नितांत आदर वाटतो. या आकड्याचा परिणाम आपण यात्रेतही पाहतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये, उज्जैनचा २०२८ मध्ये, कारण गुरू तेव्हा सिंह राशीत. सर्वसाधारणपणे बारा वर्षे म्हणतो, पण प्रदक्षिणा बारा वर्षांहून थोडी आधीच पूर्ण होते आणि तो फरक साठत जातो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराच वर्षांनी, २०२१ मध्ये भरला तो यामुळे. लाखो माणसांच्या प्रवासाची तारीख ज्या अपूर्णांकाने बदलली, तो अपूर्णांक आपल्या डोक्यावर फिरतो आहे आणि तो तपासता येतो. दर महिन्याला गुरू कोणत्या ताऱ्याजवळ आहे हे या वहीच्या मागच्या नकाशावर एका ठिपक्याने दाखवत गेले की वर्षाकाठी तो साधारण एक रास सरकलेला दिसेल.

चंद्रांची गोष्ट मात्र दुर्बिणीनंतरची. सवाई जयसिंगाने उज्जैनला जी वेधशाळा उभारली तिची यंत्रे नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्याची होती, पण त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथात दुर्बिणीतून गुरूभोवती दिसलेल्या चार तेजस्वी ठिपक्यांचा उल्लेख आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याच प्रदेशातल्या विद्वानांना हे दृश्य ठाऊक होते. पुढे ती वेधशाळा मोडकळीस आली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. मराठी विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात एक वेगळाच लढा दिला, आणि तो मला फार जवळचा वाटतो. पंचांगात लिहिलेली ग्रहाची जागा आणि आकाशातली त्याची प्रत्यक्ष जागा जुळली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक याच पक्षाचे. मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्यात प्रत्येक ग्रंथाच्या गणिताचा आकाशाशी पडताळा घेण्याचे काम अतोनात कष्टांनी केले आहे. अंगणात दुर्बीण लावून बसलेली आठवीतली मुलगी पंचांग उघडून गुरूची रास पाहते आणि मग डोळे वर करून तो तिथे आहे का ते बघते, तेव्हा ती छत्रे-दीक्षितांच्याच पक्षात सामील झालेली असते.

या चंद्रांशी आपल्या गावाचे आणखी एक नाते आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. गुरूच्या सावलीत शिरून चंद्र दिसेनासा होण्याची वेळ सगळ्या पृथ्वीवर एकच असते. ती वेळ स्थानिक घड्याळात किती वाजता येते हे टिपले की दोन ठिकाणांच्या रेखांशांमधला फरक निघतो. जमिनीवरचे रेखांश काढायला ही पद्धत फार उपयोगी पडली. मद्रासच्या वेधशाळेचा रेखांश अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच ग्रहणांवरून ठरवला गेला, आणि विल्यम लॅम्बटनने दक्षिणेतून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीचे रेखांश त्या वेधशाळेपासून धरलेले होते. ती मोजणी उत्तरेकडे सरकत आपल्या बाजूला आली. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ज्या नकाशांवर पुढे आपला मुलूख नेमका कुठे आहे हे दाखवले गेले, त्यांचा एक धागा असा गुरूच्या चंद्रांपर्यंत जातो. याच ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे पाहून ओले रोमर या डॅनिश शास्त्रज्ञाने १६७६ मध्ये प्रकाशालाही वेग असतो हे दाखवून दिले. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना आयो या चंद्राची ग्रहणे उशिरा होत, जवळ येताना लवकर. घड्याळ आणि वही, एवढ्यावर निघालेला हा निष्कर्ष आहे. आणि हे फार जुने झाले असे कोणाला वाटत असेल तर १९७२ च्या जूनमध्ये गॅनिमिड एका ताऱ्यावरून गेला तेव्हा तमिळनाडूतल्या कावलूरहून आणि इंडोनेशियातून त्याचे वेध घेतले गेले, आणि त्यावरून त्या चंद्राला विरळ वातावरण असावे असा अंदाज मांडला गेला.

आता प्रत्यक्ष कामाकडे.

दुर्बीण घेताना खोक्यावरच्या ‘सहाशे पट’सारख्या दाव्यांकडे बघू नये. वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपलीकडे पटी नेल्या की प्रतिमा फक्त मोठी आणि धूसर होते. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला एकशेवीस ही हद्द झाली. पटी किती मिळतात हे स्वतः काढता येते: दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागायचे. नऊशे मिलिमीटरच्या दुर्बिणीला पंचवीसची नेत्रिका लावली तर छत्तीस पटी, दहाची लावली तर नव्वद. सूर्याच्या बरोबर समोर असताना, म्हणजे प्रतियुतीच्या वेळी, गुरू आकाशात इतका भरतो की चाळीस पटींच्या नेत्रिकेत तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसतो. हे मुलांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही, कारण नेत्रिकेच्या काळ्या वर्तुळात शेजारी ताडून पाहायला काहीच नसते.

दुर्बीण नसेल तर दहा बाय पन्नासची द्विनेत्रीही चालते. गुरू माथ्यावर असतो तेव्हा तर ती जास्त सोयीची. अंगणात बाज टाकावी, उताणे पडावे, कोपरे दोन्ही बाजूंना टेकवावीत. चार चंद्र एवढ्यानेही दिसतात. खरे तर ते इतके मंद नाहीतच; गुरू शेजारी झळकत नसता तर काळोख्या रात्री ते नुसत्या डोळ्यांनीही दिसले असते. साध्या तिकाटण्यावरची दुर्बीण मात्र माथ्याकडे वळवताना पाय आडवे येतात, आणि लाकडी पेटीवर फिरणारी डॉब्सन पद्धतीची दुर्बीण थेट वर असलेल्या ग्रहामागे नेणे कठीण जाते. यावर उपाय सोपा आहे: गुरू माथ्यावर येण्याच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर बसावे. एक गोष्ट मात्र मुलांसोबतच्या मोठ्यांनी कटाक्षाने पाळावी: सूर्य वर असताना दुर्बीण उघडी ठेवू नये.

रेखाटनाची सुरुवात दिशेपासून करावी. दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, काही दुर्बिणींत आरशासारखे बाजू बदलून दिसते, त्यामुळे पाठ केलेले नियम गोंधळात टाकतात. दुर्बीण न हलवता गुरूला नेत्रिकेतून सरकू द्यावे. तो ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. तिथे कागदावर ‘प’ लिहावे. मग लगेच चंद्र टिपावेत आणि शेजारी वेळ लिहावी. आयो तासाभरात गुरूच्या जवळजवळ अर्ध्या रुंदीइतका सरकतो, त्यामुळे वेळ नसलेले चित्र पुढे कामाला येत नाही.

त्यानंतर ग्रहाचे बिंब. वहीतले तयार बिंब नीट मोजले तर ते ५० मिलिमीटर रुंद आणि ४७ मिलिमीटर उंच भरेल. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत, ९ तास ५५ मिनिटांत फिरतो आणि त्या वेगाने मध्याशी फुगून ध्रुवांशी चपटा झाला आहे. दहा मिनिटांत तो सहा अंश वळतो, म्हणून बिंबावरचा तपशील दहा-पंधरा मिनिटांत संपवावा लागतो. आधी दोन ठळक पट्टे हलक्या हाताने आखावेत, मग त्यांची जाडी, मग गडदपणा. छटा एकसारखी करायला वावरातल्या कापसाचा बोळा उत्तम. साधी एचबी आणि एक मऊ २बी पेन्सिल पुरते. पट्टे कायमचे नसतात, हेही ध्यानात असू द्यावे. २०१० मध्ये दक्षिणेकडचा पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला होता आणि पुढे परत आला. गुरूवरचा मोठा लाल डाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे चाळीस हजार किलोमीटर लांब होता, आज तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. हे आकुंचन आपल्याला कळले त्यात जुन्या रेखाटनांचा वाटा मोठा आहे, कारण त्या काळी ग्रहाची दुसरी चित्रे फारशी नव्हती.

चंद्रांच्या पानांवर गुरू फक्त ५ मिलिमीटर रुंद धरला आहे. त्या मापात आयो मध्यापासून जास्तीत जास्त १५ मिलिमीटर दूर जातो, युरोपा साडेतेवीस, गॅनिमिड साडेसदतीस आणि कॅलिस्टो ६६. रोजची ओळ आदल्या दिवसाच्या ओळीखाली काढत गेले की काही आठवड्यांत चार लाटा आपोआप उमटतात, सगळ्यात अरुंद आणि घाईची आयोची, सगळ्यात रुंद आणि संथ कॅलिस्टोची. कोणता ठिपका कोणाचा हे पहिल्या रात्री सांगता येत नाही आणि सांगायची घाईही करू नये. लाटा ते सांगतात. मग लाटांवरून फेरीचे काळ मोजावेत. आयोला पावणेदोन दिवसांहून किंचित जास्त, युरोपाला साडेतीन, गॅनिमिडला सातच्या पुढे, कॅलिस्टोला जवळपास सतरा. पहिल्या तिघांत दुपटीचे नाते आहे, ते कोणी न सांगता पानावर दिसू लागते. यापुढचे गणित नववी-दहावीच्या मुलांना जमते. कॅलिस्टोचे अंतर आयोच्या ४.४ पट, त्याचा घन सुमारे ८५. कॅलिस्टोचा काळ आयोच्या ९.४३ पट, त्याचा वर्ग ८९. केप्लरचा तिसरा नियम हे दोन आकडे सारखे असावेत असे म्हणतो. मिलिमीटर-पट्टीच्या मोजणीत ते इतके जवळ आले, आणि अंतरे अधिक बारकाईने घेतली तर दोन्हीकडे ८९ येतात. सौंसरच्या अंगणातून, पेन्सिलीने. हा नियम पुस्तकातून पाठ करणे आणि स्वतःच्या वहीतून काढणे यांत किती अंतर आहे, ते ज्याने काढला त्यालाच माहीत.

पेन्सिलीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. मंगळावरच्या सरळ रेघा शियापारेल्लीने १८७७ मध्ये काढल्या. पुढे पर्सिव्हल लोवेलने त्यांचे कालवे केले, कालव्यांमागे बुद्धिमान प्राणी उभे केले आणि वर्षानुवर्षे जाळीदार नकाशे काढत राहिला. १९०९ मध्ये अँटोनियाडीने पॅरिसजवळच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा रेघांच्या जागी तुटक, अनियमित डाग निघाले. ही माणसे खोटारडी नव्हती. डोळा हद्दीवरच्या ठिपक्यांना जोडून रेघ करतो आणि मनात रेघ असली की हात ती ओढतो. म्हणून या वहीचा एक कडक नियम आहे: काढलेले चित्र नंतर छायाचित्र पाहून सुधारायचे नाही. खात्री नसेल तिथे बारीक प्रश्नचिन्ह ठेवावे. लाल डाग दिसला नाही तर काढू नये, मग तो त्या वेळी समोर असायला हवा असे कोष्टक कितीही सांगो. दोघांनी एकाच रात्री वेगवेगळे बसून काढावे आणि चित्रे दुसऱ्या दिवशीच एकमेकांना दाखवावीत. दोघांच्या चित्रांत जे सामायिक असेल ते बहुधा आकाशातले.

पावसाचे वेळापत्रकही आताच पाहून ठेवायला हवे. प्रतियुती दरवर्षी महिनाभराहून थोडी पुढे सरकते: २०२७ मध्ये फेब्रुवारी, मग मार्च, एप्रिल, मे, आणि २०३१ मध्ये जून, पुढची दोन वर्षे जुलै आणि ऑगस्ट. २०१९ ते २०२१ मध्ये हेच झाले होते. गुरू सर्वांत जवळ असताना आपल्याकडे आभाळ भरलेले. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि त्यांचे काळे डाग लहान दुर्बिणींतूनही दिसत होते, तोही आपला ऐन पावसाळाच. ‘युरोपा क्लिपर’ हे यान २०३० मध्ये आणि युरोपचे ‘ज्यूस’ २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचेल, तेव्हा तो दक्षिणेच्या राशींत असेल आणि इथून सर्वांत वर असतानाही पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढेल. तेव्हा हाताशी असलेली पुढची तीन-चार वर्षे सोन्यासारखी आहेत. त्यातही हा हंगाम विशेष. दर सहा वर्षांनी पृथ्वी या चंद्रांच्या कक्षांच्या पातळीत येते आणि ते एकमेकांना झाकू लागतात, एकमेकांच्या सावलीत मंद होऊ लागतात. दोन ठिपके सरकत एक होतात आणि काही मिनिटांनी पुन्हा सुटे होतात. २०२६-२७ मध्ये तसे होणार आहे, आणि हे पाहायला साठ मिलिमीटरची दुर्बीण पुरते.

जुलैच्या अखेरीस गुरू सूर्यामागे जाईल आणि ऑगस्ट सरताना पहाटेच्या पूर्वेला परत दिसू लागेल. यंदा अधिक महिन्यामुळे पोळा सप्टेंबरात येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार. त्या पहाटे उजाडण्यापूर्वी गुरू पूर्वेला चांगला वर आलेला असेल. वहीचे पहिले पान तेव्हाचे धरले आहे. ढग असतील तर ‘ढग’ लिहून सुरुवात करावी. तिथून फेब्रुवारीच्या प्रतियुतीपर्यंत, गुरू माथ्यापासून अवघा सहा-सात अंश दक्षिणेला येईपर्यंत, कॅलिस्टोच्या नऊ फेऱ्या होतात. त्यांतल्या निम्म्या रात्री पावसात, धुक्यात आणि झोपेत गेल्या तरी त्याचा काळ काढायला उरलेल्या पुरतात.